वळणावरचं पातेलं

३ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

‘वन्सं’ म्हटलं की तू चिडायचीस, म्हणून मुद्दाम. चिडलीस तर निदान पुढचं वाचशील.

तुझा पत्ता आईंनी दिला. मी मागितला नव्हता. भाजी निवडता निवडता त्यांनी एक कपटा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "हे टाकून दे गं कचऱ्यात." उलटून पाहिलं तर तुझा पत्ता. तुझ्या दादासमोर तुझं नाव काढायचं नाही, हा गेल्या चार वर्षांतला या घरचा कायदा. आई तो मोडत नाहीत, फक्त वाकवतात. दादाला तुझ्याबद्दल बोलावंच लागलं तर तो ‘ती’ म्हणतो. भिंगरी हे नाव त्यानेच तुला ठेवलं होतं ना? ते या घरात कोणी उच्चारत नाही.

बातमी ही, की मी पुन्हा पाण्यात उतरले.

फिजिओबाई बरेच दिवस "बघू, बघू" करत होत्या. मग एक दिवस त्यांनी माझा खांदा गोल फिरवून पाहिला, खुब्यावर अंगठा दाबला आणि म्हणाल्या, "जा, पण लाडात येऊ नका." तोच आपला तरणतलाव. तळाची काळी रेघ तीच, फुटलेली फरशीही तीच. कपडे बदलायच्या खोलीतला तिसरा नळ अजून गळतो. मी पायऱ्यांवर कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले आणि माझी गंमत बघत बसले. छाती धडधडतेय, पण भीती कुठे आहे ते सापडेना. पोटात बघितलं, नाही. गुडघ्यांत? तिथेही नाही. शेवटी सापडली ती डाव्या करंगळीत. तेवढीच करंगळी थरथरत होती. तिला म्हटलं, तू बस थरथरत, मी जाते.

लंगडं बदक बरं, असं पोहले. पण पोहले.

काम अजून तेच, दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते. प्लास्टर सुकलं का ते बोट लावून बघायची माझी खोड तुला माहीत आहे. सुकलेलं असलं तरी लावायचं, ओलं असलं तरी लावायचं. या पत्रांतही मी तेच करणार आहे. तेव्हा आधीच सांगते, मला तुला एक गोष्ट विचारायची आहे. भांडायला नाही. खरंच जाणून घ्यायची आहे.

पोहणं, सायकल, धावणं अशा त्या तिहेरी शर्यतीत तू माझ्या पुढे होतीस. पाण्याच्या टाकीपाशी रस्ता उताराला लागून झपकन उजवीकडे वळतो, तिथे माझं चाक खडीवरून घसरलं आणि मी सायकलसकट आपटले. खुबा मोडला, खांद्याचं हाड मोडलं. तू पुढे गेलीस, सायकल संपवलीस, धावलीस आणि तिसरी आलीस. वळणावर झेंडा घेऊन उभा असलेला माणूस दादाला म्हणाला होता, "पुढच्या बाईंना आवाज गेलाच असणार. मी एवढा लांब होतो, मला आला." तू हॉस्पिटलमध्ये धावत आलीस तेव्हा पदक तुझ्या गळ्यातच होतं, काढायचं विसरली होतीस. दादाने ते पाहिलं आणि दारातच म्हणाला, "जा."

तू गेलीस. गाव सोडून गेलीस. मी तेव्हा बेशुद्ध होते, नाहीतर दोघांच्याही कानाखाली वाजवली असती.

तर प्रश्न हा. तुला ऐकू आलं होतं का?

तुझी,
वहिनी


२२ डिसेंबर

प्रिय वन्सं,

उत्तर नाही. ठीक आहे. प्लास्टर ओलं आहे म्हणायचं.

आता मी तळ्यात पोहायला लागले आहे. तिथे एक चमत्कार झाला. समोरच्या झाडावर नजर ठेवून निघायचं आणि परत यायचं, एवढंच होतं. मी आपली तालात हात मारतेय, पाणी मस्त गार, स्वतःवर खूश. एवढ्यात बोटीवरचे काका शेजारी आले आणि फार आदराने विचारलं, "बाई, तिकडे पंपहाउसला काही काम आहे का?"

झाड राहिलं डावीकडे. मी उजवीकडे कुठल्या कुठे गेले होते. पुन्हा निघाले, पुन्हा पंपहाउस. काका म्हणाले, "घाण्याचा बैल बरा, तो निदान गोल फिरून जागेवर येतो."

मला वाटलं, मोडका खांदा. उजवा हात कमी ओढत असणार. फिजिओबाईंनी दोन्ही हात जोखले, ते सारखेच निघाले. मग काय असेल? आठवडाभर डोक्यात भुंगा. उत्तर सापडलं लॅबमध्ये. माझ्यासमोर एका आजोबांच्या जबड्याचा साचा होता. उजवीकडच्या दाढा पार झिजलेल्या, डावीकडच्या कोऱ्या करकरीत. आयुष्यभर माणूस एकाच बाजूने चावत आला होता आणि त्याला पत्ता नव्हता. मी साचा हातात धरून तशीच बसले. शेजारची मैत्रीण म्हणाली, "काय गं, ओळखीचे आहेत का आजोबा?"

मी श्वास फक्त उजवीकडे घेते. कधीच डावीकडे घेत नाही. आणि मान सारखी एकाच बाजूला वळली की शरीर हळूहळू तिकडेच सरकतं.

उजवीकडे का, तर तू उजवीकडे असायचीस. मला पोहायला तूच शिकवलंस. लग्न होऊन आले तेव्हा मला बादलीत तोंड घालायची भीती, आणि तू कॉलेजातली पोर मला म्हणालीस, "वहिनी, माझ्याकडे बघत राहा, बाकी काही करू नका." मी तेच करत राहिले. तळ्यात मला झाड लागायचं नाही, रेघ लागायची नाही. श्वासाला तोंड वळवलं की तू दिसायचीस. तुझं ते हिरवं टोपडं दिसलं की मी सरळ आहे हे कळायचं.

हे कळलं तेव्हा मला हसू आलं. मग तिथेच लॅबमध्ये, वितळलेल्या मेणाच्या वासात, रडूही आलं. लपवत नाही.

आता डावीकडे श्वास घ्यायला शिकतेय. नाकातोंडात पाणी जातं. पोहण्यात मी आता पुन्हा सहा महिन्यांचं बाळ.

सायकल माळ्यावर होती. मी म्हटलं काढून दे, तर दादा काही बोलला नाही. संध्याकाळी आले तर सायकल खाली, साखळीला तेल, ब्रेकला नवे रबर. लिफ्ट दुरुस्त करणारी माणसं अशीच. बोलणार नाहीत, पण दोर तपासतील. जेवताना म्हणाला, "पुन्हा तीच शर्यत?"

"तीच."

"तेच वळण?"

"वळण काही त्यांनी माझ्यासाठी हलवलं नाही."

त्याने ताटातून मान वर केली नाही. मला वाटलं संपलं. मग हळूच म्हणाला, "तिने मागे वळून बघायला हवं होतं."

चार वर्षांत पहिल्यांदा त्याने तुझा विषय स्वतःहून काढला. म्हणून कळवते.

वहिनी


११ जानेवारी

प्रिय वन्सं,

आज जे केलं ते वाचून तू आम्हाला वेड्यांच्या इस्पितळात पाठवशील.

मी तुझ्या दादाला म्हटलं, "तिला ऐकू आलंच नसेल."

"झेंडेवाल्याला आलं."

"झेंडेवाला उभा होता. ती उतारावर होती. हेल्मेटच्या पट्ट्यांतून वारा काय शिट्ट्या मारतो, तुला माहीत आहे?"

त्याने थोडा विचार केला. तो माणूस भार टाकून बघितल्याशिवाय लिफ्ट लोकांना वापरू देत नाही. म्हणाला, "मग चाचणी घेऊ."

पहाटे रस्ता रिकामा असताना आम्ही टाकीपाशी गेलो. त्याने गोणीत घरातली सगळी भांडी भरली होती. दोन कुकर, डबे, आईंचं ते मोठं पातेलं. मी म्हटलं, "मी एवढ्या आवाजाची आहे?" तर म्हणाला, "तुझ्या वजनाचं भांडं घरात नाही, म्हणून सगळी घेतली." विनोद केला त्याने! मी सायकलवरून पडता पडता वाचले.

ठरलं असं, की मी तू होतीस तिथून, तुझ्या वेगाने जायचं. तो माझ्या जागेवर उभा राहून केव्हातरी गोणी आपटणार. केव्हा ते मला सांगायचं नाही.

पहिल्यांदा त्याचा नेम चुकला, गोणी गवतात पडली. दुसऱ्यांदा जोरात आपटली. तेवढ्यात एक आजी फिरायला आल्या होत्या. रस्त्यावर लोळणारे डबे, कमरेवर हात ठेवून उभा तुझा दादा आणि सायकल दामटत पळून जाणारी मी. त्यांनी जे समजायचं ते समजलं. दादाला म्हणाल्या, "अहो, घर म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच. म्हणून असं रस्त्यावर आणायचं?"

हसलीस का? थोडीतरी हसली असशील.

आता खरं सांगते. मला ऐकू आलं. वारा होता, शिट्ट्या होत्या, त्या सगळ्याच्या वर स्वच्छ ऐकू आलं. डब्यांचा खणखणाट, पातेल्याचा टणत्कार आणि त्याखाली गोणीचा जड धप्प. कानांनी ऐकला की पाठीने, कोण जाणे. म्हणजे तुलाही आला होता.

मी सायकल हातात धरून वर चढत आले. दादा रस्त्यात वाकून झाकणं गोळा करत होता. त्याने मला पाहिलं आणि सरळ उभा राहिला. मला वाटलं होतं, तो ‘बघ, मी म्हणत नव्हतो?’ असा उभा असेल. तसा नव्हता. निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तसा होता.

"ऐकू आलं?"

"नाही," मी म्हटलं. "वाराच इतका होता."

तो टाकीच्या कठड्यावर बसला. पातेल्याला पोचा पडला होता, त्यावर अंगठा फिरवत राहिला. "म्हणजे मी चार वर्षं..." एवढंच म्हणाला. संध्याकाळी आईंना विचारत होता, "तिचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?" आईंनी पाठ असल्यासारखा सांगितला. पाठच होता.

तर तुला फोन येईल. तो तुला म्हणेल, तुला ऐकू आलं नसणार. तू फक्त ‘हो’ म्हण. एवढं सोपं करून ठेवलंय मी. एक खोटं बोलून दोन माणसं परत बोलायला लागणार असतील, तर माझी काही हरकत नाही.

फक्त मला नंतर खरं सांग. ऐकू आल्यावर तुझ्या मनात काय आलं होतं? मला राग नाही. मला ते कळत नाही, आणि न कळलेली गोष्ट मला झोपू देत नाही.

वहिनी


२ फेब्रुवारी

वन्सं,

शाब्बास. एवढं आयतं ताट वाढून दिलं आणि तू ते लाथाडलंस.

दादा फोन ठेवून स्वयंपाकघरात आला, ओट्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "मी तिला म्हटलं, तुला ऐकूच आलं नसणार. ती म्हणाली, आलं होतं."

मी कांदा चिरत होते. चिरत राहिले.

"म्हणजे तुलाही आलं होतं," तो म्हणाला. "तोच उतार, तोच वारा. एकाला ऐकू येतं आणि दुसऱ्याला नाही, असं होत नसतं."

लिफ्टवाल्याशी लग्न केल्याचे भोग! मी हो म्हटलं. तेव्हा तो तुझ्यापेक्षा माझ्यावर जास्त चिडला. "ती निदान खरं बोलली." मग ताट न घेताच गॅलरीत जाऊन बसला. आई मला म्हणाल्या, "खोटं बोलायचं तर दोघींनी आधी ठरवून घ्यावं." त्यांच्याकडून आपल्याला शिकायला बरंच आहे.

रात्री जेवण झाकून ठेवलं, तेव्हा त्याने तू पुढे काय म्हणालीस ते सांगितलं. शब्द न शब्द सांगितला, तक्रारीसारखा. मी तो तुलाच परत लिहून दाखवते, चुकला असेल तर सांग.

"दादा, मला वाटलं वळण संपलं की बघू. वळण संपलं आणि मला मान वळवता येईना. पाहिलं नाही तोवर वहिनी मागून येतेच आहे, असं होतं. म्हणून मी पुढे जात राहिले. शेवटपर्यंत ती मागून येत होती."

त्याला वाटतं ही सबब आहे. त्याने विचारलं, "असं असतं का कुठे?"

बाई गं, मी रागावले नाही, पण मलाही ते पटलं नाही. माझा साचा तुझ्या साच्यावर बसेना. आवाज ऐकला आणि मान वळत नाही, म्हणजे काय? मान म्हणजे काय गंजलेला नळ आहे? मी रात्री आरशासमोर उभी राहून मान वळवून पाहिली. छान वळते.

शर्यत दोन आठवड्यांवर आली. दादा म्हणतो, त्याला त्या दिवशी लिफ्टचं काम आहे.

वहिनी


१७ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

झालं. सगळं क्रमाने सांगते, मध्ये अधीर होऊ नकोस.

पोहताना मी पंपहाउसला गेले नाही. दोन श्वास उजवीकडे, एक डावीकडे. डावीकडच्या प्रत्येक श्वासाला तळं थोडं प्यायले, पण झाडाशी पोचले. बोटीवरचे काका शिट्टी वाजवून नाचले. पाण्यातून बाहेर आले, सायकली लावून ठेवल्या होत्या तिथे ओल्या अंगावर हेल्मेट चढवलं. करंगळी थरथरत होती. तिला म्हटलं, तूही चल.

टाकी आली. खडी झाडून घेतलेली दिसली. झेंडेवाला या वर्षी दुसरा होता. मी उताराला लागले, नजर वळणाच्या पलीकडच्या टोकावर. तूच शिकवलेलं, सायकल जिथे बघू तिथे जाते, म्हणून वळणावर मागे बघायचं नाही.

आणि पाठीमागे काहीतरी आपटलं.

धातूचा आवाज. रस्त्यावर आपटून घरंगळत गेल्याचा. माझ्या मागे एक पोरगी होती, निळ्या कपड्यांतली, वर चढताना मला "मस्त चाललाय काकू" म्हणालेली. मला तीच दिसली. दिसली म्हणजे डोक्यात दिसली, रस्त्यावर पडलेली.

मी वळण घेतलं. मनात म्हटलं, वळण संपलं की बघू.

वळण संपलं. पुढे सरळ उतार, रस्ता मोकळा, बघायला काही अडचण नाही. आणि मान वळेना. आरशासमोर फिरणारी तीच मान. मी तिला सांगतेय वळ, आणि दुसरं कोणीतरी आत बसून म्हणतंय, थांब, अजून काही झालेलं नाही, ती येतेय मागून, थोडं पुढे जा, येतेय ती. पाय तर थांबतच नव्हते. त्यांना कोणी विचारतच नव्हतं. तो उतार केवढा लांब आहे गं! मला वाटायचं, क्षणाचं काम असेल.

अगदी खाली, पुलाच्या तोंडाशी मी ब्रेक दाबले. उतरले. आणि मग वळून पाहिलं.

निळी पोरगी मजेत चालली होती, मला ओलांडून गेली. तिच्या मागून उतारावरून तुझा दादा धावत येत होता, काखोटीला आईंचं पातेलं. त्याच्या मागे झेंडेवाला, शिट्टी फुंकत आणि ओरडत, "ओ साहेब, स्पर्धेत अडथळा आणता काय?"

"हे लिफ्टचं काम?" मी ओरडले.

तो धापा टाकत पोचला. कपाळावर घाम, चेहरा पांढरा. "मला बघायचं होतं," म्हणाला. "तू वळून बघतेस का, ते बघायचं होतं. ऐकू आलं?"

"आलं."

"मग बघितलं का नाहीस? किती वेळ लागला तुला थांबायला!"

मला खरं तर ते पातेलं त्याच्याच डोक्यात घालायचं होतं. पण हातांत सायकल होती. मी म्हटलं, "एवढा लागतो. आणि माझी चार वर्षांची तयारी होती. मी रोज या वळणाचा विचार केलाय. मला माहीत होतं की आवाज आला की वळून बघायचं. तरी मला इथपर्यंत यावं लागलं. तिची काहीच तयारी नव्हती रे."

तो पुलाच्या कठड्याला पाठ लावून खाली बसला, पातेलं मांडीवर. झेंडेवाला आला होता भांडायला, पण त्याने दादाकडे पाहिलं आणि शिट्टी खिशात टाकली. जाताना मला म्हणाला, "बाई, तुम्ही निघा. यांच्याकडे मी बघतो."

मी निघाले. उरलेली सायकल, मग धावणं. धावले म्हणजे काय, खुब्याशी वाटाघाटी करत आले. शेवटून दुसरी. शेवटचे एक गृहस्थ अजून यायचे होते, त्यांचे मनापासून आभार. पदक सगळ्यांनाच देतात आता. मी ते गळ्यात घातलं आणि घरी जेवायला बसेपर्यंत काढायचं विसरले. आईंनी दाखवलं. मग दादाने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

तर माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, तुला आता काही लिहायला नको. तू जे म्हणालीस ते तसंच असतं. मी चार वर्षं समजत होते, तू मला टाकून पुढे गेलीस. तू तर मला सोबत घेऊन गेली होतीस, शेवटपर्यंत.

मी अजून सरळ पोहत नाही. डावा श्वास जमेल तेव्हा जमेल. उजवी बाजू रिकामी आहे, तिकडे बघायची सवय मोडायची नाही असं मी ठरवलंय.

पत्र पाकिटात घालणार होते, तर दादा म्हणाला, थांब, मला दोन ओळी लिहायच्या आहेत. त्याने खाडाखोड फार केली आहे. खाली आहे ते त्याचं.

वहिनी

भिंगरे,
आईच्या पातेल्याला आता दोन पोचे आहेत. मी तिला सांगितलंय की तुझ्यामुळे पडले. ती ऐकून घेत नाही. येऊन काय ते निस्तर.
दादा